हिमस्खलनाचा धोका : खुणा, अनुमान आणि शब्द

हिमालयातील दुर्घटनेची वार्ता मराठी वृत्तपत्रांत पुष्कळदा 'हिमकडा कोसळला' अशा शब्दांत येते. हा शब्दप्रयोग सह्याद्रीच्या अनुभवातून आलेला आहे, हे उघड आहे. घाटात दरड कोसळते, किल्ल्याचा बुरूज कोसळतो, पावसाळ्यात जुनी भिंत कोसळते. या सर्व प्रयोगांत कोसळणारी वस्तू वर असते आणि माणूस खाली असतो. घटनेचे कारण त्याच्याबाहेर असते. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ परिणाम. २०१४ साली माळीण येथे आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथे जी माणसे गाडली गेली, त्यांच्यापैकी कोणाच्या पावलाने ती दरड सुटली नव्हती.

हिमाच्छादित डोंगरावर, राखलेल्या मार्गांपासून दूर जाऊन स्कीइंग करणाऱ्यांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट असते. अशा प्रवासात हिमस्खलनाने जे अपघात होतात, त्यांपैकी दहांत सुमारे नऊ अपघातांत ते हिम सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या भाराने सुटलेले असते. हिम वरून अंगावर येत नाही. ते पायाखाली तुटते आणि माणसाला आपल्यासह घेऊन निघते. अर्थात 'कोसळणे' हे क्रियापद येथे केवळ ढोबळ ठरत नाही, तर ते धोक्याचे स्थानच चुकीचे दाखविते. ज्याला दरडीची सवय आहे तो वर पाहतो. येथे पाहावयाचे असते ते खाली, पायांखालच्या थरांत.

या धोक्याचा अंदाज कसा बांधला जातो, त्यात निश्चिती किती आणि अनुमान किती, आणि तो अंदाज दुसऱ्यास सांगताना शब्दांची निवड इतकी महत्त्वाची का ठरते, याचा विचार पुढे केला आहे.

१. संज्ञांचा विचार

'स्खलन' हा शब्द संस्कृत 'स्खल्' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ अडखळणे, पाय घसरणे असा आहे. आल्प्समधील शब्दांचा उगमही असाच आहे. जर्मन 'लाविने' हा शब्द रोमान्श 'लाविना' यावरून आणि तो उत्तरकालीन लॅटिन 'लाबिना' यावरून आला; त्याच्या मुळाशी 'घसरणे, सरकणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. दोन भिन्न भाषापरंपरांनी पडण्यापेक्षा सरकण्यावर भर दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीत 'स्खलन' हा शब्द नैतिक च्युतीच्या अर्थाने अधिक रूढ झाल्यामुळे त्यातील सरकण्याचा मूळ भाव वाचकाला सहसा जाणवत नाही.

हिमस्खलनाचे अनेक प्रकार आहेत. सुटे हिम एका बिंदूपासून निघून खाली पसरत जाते, तो एक; ओले हिम वसंतातील उन्हाने सैल होऊन वाहू लागते, तो दुसरा. परंतु स्कीइंग करणाऱ्यांचे बहुसंख्य मृत्यू ज्या प्रकाराने होतात त्याला जर्मनमध्ये 'श्नेब्रेट' म्हणजे हिमाची फळी असे म्हणतात. फ्रेंचमध्ये त्यालाच 'प्लाक' आणि इंग्रजीत 'स्लॅब' असे नाव आहे. येथे त्यासाठी 'हिमफळी' ही संज्ञा योजली आहे. उतारावर साचलेल्या हिमाचा वरचा एकसंध थर एखाद्या फळीसारखा सर्व बाजूंनी तुटून निघतो. अशा फळीची जाडी पुष्कळदा अर्ध्या मीटरच्या आसपास आणि रुंदी पन्नास मीटरांच्या आसपास असते. तिची लांबी ८० मीटर आणि घनता दर घनमीटरला २०० किलोग्रॅम धरली, तर तिचे वजन ४०० टन भरते. गुडघाभर हिम पाहून ज्याला भय वाटत नाही, त्याने हा हिशेब मनाशी करून पाहावा.

२. हिमसंचयाची घडण

एका हिवाळ्यात उतारावर साचणारे हिम हा एकजिनसी पदार्थ नव्हे. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वादळ आणि प्रत्येक निरभ्र रात्र आपला एक थर किंवा निदान एक खूण मागे ठेवते. शिवाय हे थर साचल्यानंतरही बदलत राहतात. या रूपांतराचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडमधील दावोस येथे १९३० नंतरच्या दशकात सुरू झाला. वायस्फ्लुयोख येथील संशोधकांनी हिम आणि त्याचे रूपांतर या विषयावर १९३९ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो.

रूपांतराची दिशा मुख्यतः थरांतील तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. संचय जाड आणि हवा फार थंड नसेल, तर वरच्या व खालच्या भागांच्या तापमानात थोडाच फरक पडतो. कण हळूहळू गोलसर होतात, परस्परांना चिकटतात आणि थर बळकट होतो. याउलट संचय पातळ आणि हवा कडक थंड असेल, तर जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास व पृष्ठभागाचे त्याहून पुष्कळ खाली अशी स्थिती होते. हा फरक दर दहा सेंटिमीटरला सुमारे एक अंशाहून अधिक झाला, म्हणजे बाष्प खालून वर जाऊ लागते आणि कणांना कोन व पैलू फुटतात. असे हिम मुठीत धरले तर दाबून त्याचा गोळा होत नाही. ते जाडसर साखरेसारखे बोटांतून गळते. यावरून एक विपरीत वाटणारा, पण महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : थोडे हिम पडलेला हिवाळा अधिक हिमाच्या हिवाळ्यापेक्षा निर्धोक असतोच असे नाही.

दुर्बल थर निर्माण होण्याचा दुसरा मार्ग अधिक निरुपद्रवी दिसतो. निरभ्र, शांत आणि दमट रात्री हिमाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. मराठीतील 'दहिवर' हा जुना शब्द यासाठी योग्य ठरेल. सकाळच्या उन्हात ते चमकते तेव्हा त्यापासून कोणतीही बाधा नसते. परंतु त्यावर नवे हिम पडून ते गाडले गेले, म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा हा थर कित्येक आठवडे आपला दुबळेपणा टिकवून राहतो. पृष्ठभागावरून पाहणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही.

दुर्बल थरावर फळी घालण्याचे काम प्रामुख्याने वारा करतो. तो एका बाजूचे हिम उचलतो, वाहताना कणांचे तुकडे करतो आणि शिखराच्या आडोशाला ते घट्ट दाबून बसवितो. त्यामुळे आकाशातून एक कणही न पडता एखाद्या उतारावरचा भार काही तासांत वाढू शकतो. मग स्कीवरील माणसाचा दाब दुर्बल थरापर्यंत पोहोचला, की तेथील स्फटिकांची मांडणी मोडते, तडा क्षणार्धात थरातून दूरवर धावतो आणि उतार पुरेसा तीव्र असेल तर फळी सुटते. 'पुरेसा तीव्र' याचा अर्थ येथे मोजून ठरविलेला आहे : सुमारे ३० अंश किंवा त्याहून अधिक. घरातील सर्वसाधारण जिन्याची चढण साधारण इतकीच असते. तडा मात्र कमी उताराच्या जागेवरूनही निघून वरच्या तीव्र उतारापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सपाटीवर उभा असलेला माणूस सुरक्षित आहे असे निरपवाद म्हणता येत नाही.

३. खुणा आणि अनुमान

वरील वर्णनावरून हे स्पष्ट होईल की धोक्याचे खरे कारण दृष्टीआड असते. जे दिसते ती केवळ लक्षणे. त्यांपैकी काही लक्षणे अत्यंत बोलकी आहेत. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर नुकतेच झालेले स्खलन ही सर्वांत निःसंदिग्ध खूण होय. स्कीच्या टोकापासून हिमात तडे धावणे ही दुसरी. तिसरी खूण कानाने ओळखावयाची आहे : पायाखालचा दुर्बल थर एकाएकी बसला म्हणजे दबका, खोल आवाज येतो. इंग्रजीत त्याला 'वुम्फ' आणि जर्मनमध्ये 'वुम' असे अनुकरणवाचक नाव पडले आहे; मराठी कानाला तो 'धप्प' असा ऐकू येईल. हा आवाज म्हणजे फळी सुटण्याची क्रिया पूर्ण झाली आहे, केवळ उतार कमी असल्यामुळे ती सरकली नाही, अशी साक्ष होय. याशिवाय गेल्या एक-दोन दिवसांतील नवे हिम, वाऱ्याने साचलेले ढीग आणि तापमानातील झपाट्याची वाढ यांची नोंद घ्यावी लागते. जोराचा वारा, कडक थंडी आणि दुबळा जुना पृष्ठभाग एकत्र आले, तर १० ते २० सेंटिमीटर नवे हिमही परिस्थिती बिकट करण्यास पुरेसे होते. अनुकूल परिस्थितीत त्यासाठी ३० ते ५० सेंटिमीटर लागते.

लक्षणांच्या जोडीला चाचण्या आहेत. हिमात खड्डा खणून थर तपासले जातात. एका चाचणीत ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा स्तंभ मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि प्रथम मनगटापासून दहा, मग कोपरापासून दहा, शेवटी खांद्यापासून दहा असे हाताचे ठोके देतात; कितव्या ठोक्याला कोणता थर मोडला याची नोंद होते. दुसऱ्या चाचणीत स्तंभाची रुंदी ९० सेंटिमीटर असते आणि ठोके एका टोकाला दिले जातात. एका टोकाला निघालेला तडा दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो की नाही, हे तेथे पाहावयाचे असते. स्विस पद्धतीत दोन मीटर रुंद आणि दीड मीटर लांब ठोकळा कापून त्यावर प्रत्यक्ष स्कीसह माणूस उभा राहतो व क्रमाक्रमाने अधिक भार देतो.

येथे तर्कशास्त्राचा एक जुना दृष्टान्त अगदी अक्षरशः लागू पडतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष आहे. परंतु धूर नाही म्हणून अग्नीही नाही, हे अनुमान दुष्ट आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, असे नैयायिकांनी फार पूर्वी दाखवून दिले. 'धप्प' असा आवाज आला, तडा धावला, स्तंभ चौथ्या ठोक्याला मोडला, तर धोका आहे असे समजून परत फिरावे. मात्र आवाज आला नाही, स्तंभ तीस ठोक्यांनीही मोडला नाही, एवढ्यावरून उतार सुरक्षित ठरत नाही. एकाच उतारावर दहा-वीस पावलांच्या अंतराने थरांची जाडी व बळ बदलते. जेथे फळी पातळ आहे, एखाद्या खडकाच्या आसपास, तेथे माणसाचा दाब दुर्बल थरापर्यंत सहज पोहोचतो. खड्डा एका जागेची साक्ष देतो, संपूर्ण उताराची नव्हे. होकारार्थी पुरावा निर्णायक, नकारार्थी पुरावा अपुरा, ही विषमता ज्याला उमगली नाही त्याच्या हाती चाचणी हे साधन न राहता समाधानाचे निमित्त होते.

४. पाच पायऱ्या आणि तिसऱ्या पायरीचा प्रश्न

एकट्या माणसाला संपूर्ण प्रदेशाची माहिती मिळविता येत नाही, म्हणून सूचनापत्रकांची आवश्यकता उत्पन्न होते. दावोस येथील संस्था १९४५ पासून अशी पत्रके प्रसिद्ध करीत आली आहे. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ माणसे दगावली, तेव्हापासून या कार्याचे महत्त्व सर्वमान्य झाले. तथापि निरनिराळे देश निरनिराळ्या श्रेणी वापरीत. सरहद्द ओलांडणाऱ्या प्रवाशाला एकाच आकड्याचे दोन अर्थ भेटत. ही अडचण दूर करण्यासाठी १९९३ साली युरोपातील सूचना-संस्थांनी पाच पायऱ्यांची समान श्रेणी स्वीकारली.

या श्रेणीची नावे तुलनेने पाहण्यासारखी आहेत. पहिली पायरी सर्वत्र 'अल्प' या अर्थाची आहे. दुसरीस जर्मन व इंग्रजीत 'माफक' या अर्थाचे, तर फ्रेंचमध्ये 'मर्यादित' या अर्थाचे नाव आहे. चौथी 'मोठा' आणि पाचवी 'अतिशय मोठा' धोका दर्शविते. तिसरीस जर्मनमध्ये 'एरहेब्लिख', इंग्रजीत 'कन्सिडरेबल', फ्रेंचमध्ये 'मार्के' आणि इटालियनमध्ये 'मार्कातो' असे शब्द योजलेले आहेत. या चारही शब्दांत 'मध्यम' हा अर्थ नाही. दखल घ्यावीच लागेल, ठळकपणे जाणवेल, असा त्यांचा भाव आहे. परंतु शब्दाबरोबर आकडाही छापला जातो, आणि पाचांमधील तीन हा आकडा वाचकाच्या मनात आपोआप 'मधला' असा अर्थ उभा करतो. शाळेतील गुणांपासून कापडाच्या मापांपर्यंत मधली श्रेणी ही सामान्य, चालण्याजोगी श्रेणी असते, हा संस्कार शब्दावर मात करतो.

या गैरसमजाची किंमत मोजता येते. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातील सुमारे तीस टक्के दिवसांना तिसरी पायरी जाहीर होते, आणि हिमस्खलनाच्या बळींपैकी सुमारे निम्मे त्याच दिवसांत पडतात. चौथ्या पायरीला लोक सहसा घराबाहेर पडत नाहीत, पहिलीला स्खलन क्वचित घडते. तिसऱ्या पायरीला डोंगर प्रवाशाला मज्जाव करीत नाही आणि क्षमाही करीत नाही. मूळ व्याख्येनुसार तिसऱ्या पायरीवर, निर्देशिलेल्या तीव्र उतारांवर, एकट्या स्कीपटूच्या भारानेही फळी सुटणे शक्य असते.

आकड्यांचा दुसरा दोष असा की ते समान अंतराचा भास निर्माण करतात. वस्तुतः ही श्रेणी क्रमवाचक आहे. वेर्नर मुंटर या स्विस जाणकाराने १९९२ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पायरीला धोका दुप्पट होतो असे गृहीत धरले आहे : पहिलीस दोन, दुसरीस चार, तिसरीस आठ. त्याच्या पद्धतीचा ढोबळ नियम व्यवहारात फार उपयोगी पडला : दुसऱ्या पायरीस ४० अंशांपेक्षा, तिसरीस ३५ अंशांपेक्षा आणि चौथीस ३० अंशांपेक्षा कमी उतारावरच राहावे. हिमाचे अंतरंग कळत नसले तरी उताराचा कोन मोजता येतो. अज्ञात गोष्टीचा निर्णय ज्ञात गोष्टीच्या आधाराने करण्याची ही रीत आहे, आणि तिचे बळ तिच्या साधेपणात आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या पत्रकांची आणखी एक बाजू उद्बोधक आहे. स्विस पत्रक हिवाळ्यात दिवसातून दोनदा, जर्मन, फ्रेंच, इटालियन व इंग्रजी अशा चार भाषांत निघते. हाताने भाषांतर करण्यास वेळ पुरत नाही. म्हणून २०१२ च्या हिवाळ्यापासून धोक्याचे वर्णन पूर्वनिश्चित वाक्यांच्या संग्रहातून जुळविले जाते. जर्मनमध्ये वाक्य जुळले की इतर तीन भाषांतील वाक्ये यंत्राने आपोआप, पुनर्वाचनाशिवाय तयार होतात. या वाक्यांची २०१४ साली परीक्षा झाली, तेव्हा संग्रहातील मजकूर कोणता आणि माणसाने लिहिलेला कोणता हे वाचकांना ५५ टक्के वेळाच बरोबर ओळखता आले; म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या यशापेक्षा थोडेसेच अधिक. हे साध्य झाले याचे कारण यंत्राची चतुराई नव्हे. या मर्यादित उपभाषेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी नेमका ठरविला गेला होता, हे त्याचे कारण. 'तीव्र उतार' म्हणजे ३० अंशांहून अधिक, हे एकदा ठरले म्हणजे कोणत्याही भाषेत त्याचा अर्थ ढळत नाही.

५. अनुमान करणारा माणूस

खुणा स्पष्ट आहेत, पत्रक हाती आहे, तरीही अपघात होतात. ईअन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील अमेरिकेतील ७१५ अपघातांची छाननी करून २००४ साली दाखविले की, पुष्कळ ठिकाणी धोक्याच्या खुणा उघड असतानाही लोक पुढे गेले. उतार ओळखीचा असणे, ठरविलेल्या शिखरापर्यंत जाण्याचा निर्धार, सोबत्यांत मान राखण्याची इच्छा, गटात कोणी जाणता आहे असा भरवसा, आधी कोणी तरी गेल्याची ताजी रेघ, अशा गोष्टी निर्णयात नकळत शिरतात. यांतील एकही गोष्ट हिमाविषयी काही सांगत नाही. ओळखीचा उतार माणसाला ओळखत नाही, एवढेच येथे म्हणता येईल.

चुकीला दुरुस्तीची मुदतही फार थोडी आहे. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहांत सुमारे नऊ जगतात. अर्ध्या तासाच्या सुमारास हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येते. बाहेरचे मदतकार्य इतक्या वेळात क्वचितच पोहोचते. म्हणून संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे ही प्रत्येकाजवळ असावी लागतात, आणि तीव्र उतारावर एकेकाने जावे लागते, म्हणजे एक सापडला तर शोधणारे उरतात.

६. हिमालय आणि मराठी परिभाषा

हा प्रश्न दूर आल्प्सपुरता मर्यादित नाही. गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे २०१० साली प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक हिमाखाली गेले; गुलमर्गच्या अफरवट उतारांवर २०२३ साली दोन पोलिश आणि २०२४ साली एक रशियन स्कीपटू मृत्यू पावले. मनाली येथे १९६९ साली स्थापन झालेली हिमसंशोधन संस्था २०२० साली दुसऱ्या एका संरक्षण-प्रयोगशाळेत विलीन होऊन नव्या नावाने कार्य करीत आहे, आणि पश्चिम हिमालयासाठी धोक्याच्या सूचना प्रसिद्ध करीत आहे. महाराष्ट्रातील सैनिक व गिर्यारोहक त्या उतारांवर असतात, आणि त्या सूचना मराठी वृत्तपत्रांतून त्यांच्या घरांपर्यंत येतात.

या सूचनांसाठी मराठीत निश्चित परिभाषा असणे म्हणूनच अगत्याचे आहे. 'बर्फ' या एकाच शब्दाने मराठी भाषक पेयातील खडा आणि आकाशातून पडणारे पीस ही दोन्ही सांगतो. 'हिम' हा शब्द दुसऱ्या अर्थापुरता राखून ठेवणे ही पहिली पायरी होईल. श्रेणीच्या नावांत 'अल्प', 'मर्यादित', 'मोठा', 'अतिशय मोठा' ही चार नावे सहज स्वीकारता येतील. अडचण तिसऱ्या नावाची आहे. 'मध्यम' हा शब्द सर्वप्रथम सुचतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. 'लक्षणीय' हे भाषांतर कोशाच्या दृष्टीने बिनचूक आहे. परंतु 'लक्षणीय यश', 'लक्षणीय प्रगती' अशा प्रयोगांमुळे त्याला आजच्या मराठीत कौतुकाची छटा आली आहे. त्यापेक्षा 'गंभीर' हा शब्द अधिक उपयुक्त ठरावा. रुग्णाची 'प्रकृती गंभीर आहे' असे ऐकल्यावर कोणीही ती मध्यम आहे असे समजत नाही. आशा संपलेली नसते, पण बेफिकिरीला जागाही उरत नाही. तिसऱ्या पायरीचा आशय नेमका हाच आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, हिवाळ्यातील तिसऱ्या हिश्श्याइतक्या दिवसांना 'गंभीर' म्हटले तर शब्द बोथट होईल. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून शब्दासोबत कोणत्या दिशेचे, किती उंचीवरील आणि किती कोनाचे उतार धोक्याचे आहेत हे प्रत्येक वेळी सांगितले गेले पाहिजे. नुसते विशेषण, कितीही चपखल असले तरी, पुरे पडत नाही. आणि वृत्तलेखनात 'कोसळला' या क्रियापदाच्या जागी 'सुटला' किंवा 'सरकला' हे क्रियापद आले, तर हिम कोणाच्या पायाखालून सुटले हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहील. उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी प्रवाशाने स्वतःला विचारावयाचा प्रश्नही तोच आहे.